गैरहजर साक्षीदार

जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये वकिलांची एक न बोललेली उतरंड असते. खुनाचा खटला चालवणारा वरच्या पायरीवर, उच्च न्यायालयात रिट अर्ज चालवणारा त्याच्या शेजारी, आणि ‘ॲक्सिडेंटच्या केसेस करतात’ किंवा ‘वाटपाचे दावे बघतात’ अशी ज्यांची ओळख करून दिली जाते ते बरेच खाली. अपघाताच्या भरपाईला कोष्टक ठरलेले आहे, आकडे भरायचे आणि गुणाकार करायचा, असे म्हटले जाते. वारसाहक्काच्या कामाबद्दल तर याहून कमी बोलले जाते: भाऊबंदकी, तारखा, आणि दावा लावणाऱ्याच्या नातवाला मिळणारा निकाल. या दोन्ही प्रकारच्या कामात ज्यांची हयात जाते त्यांच्यापैकी एक म्हणून मला ही उतरंड मुळातच चुकलेली वाटते. साक्षीपुराव्याचे खरे कसब जिथे लागते ती जागा हीच आहे. ज्या माणसाविषयी सगळे चालले आहे तोच इथे न्यायालयात नसतो. तो महिन्याला किती घरी आणायचा, त्यातले स्वतःवर किती खर्चायचा, घर कोणाला द्यायचे होते, सही करताना शुद्धीवर होता का, यातले काहीही त्याला विचारता येत नाही. मृत माणूस खुनाच्या खटल्यातही गैरहजर असतोच, हे खरे. पण तिथे प्रश्न मारणाऱ्याच्या कृत्याचा असतो, आणि त्याचा पुरावा गोळा करायला पोलीस, प्रयोगशाळा, सरकारी अभियोक्ता अशी सगळी यंत्रणा असते. आमच्याकडे प्रश्न त्या गेलेल्या माणसाच्या जगण्याचाच असतो आणि पुरावा गोळा करायला वकील, त्याचा ज्युनिअर आणि रडून दमलेले घर एवढेच असतात.

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वी ओळखले आहे. एच. वेंकटाचल अय्यंगार या १९५८ सालच्या निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी मृत्युपत्राचे वेगळेपण नेमके इथेच दाखवले. हा दस्त करणाऱ्याच्या मरणानंतर बोलू लागतो, त्यामुळे तो न्यायालयात येतो तेव्हा ‘हे माझेच आहे’ किंवा ‘हे माझे नव्हे’ असे सांगणारा माणूस जगातून गेलेला असतो. म्हणून मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने संशयाच्या जागा स्वतः दूर करायच्या: कापरी सही, खचलेले मन, जवळच्या वारसाला कारण न देता वगळणे, ज्याला सर्वाधिक मिळते त्यानेच दस्त करवून घेण्यात पुढाकार घेणे. साताऱ्यात जन्मलेल्या या न्यायमूर्तींचा तो निकाल आजही मृत्युपत्राच्या प्रत्येक तंट्यात वाचला जातो. त्यातला विचार मृत्युपत्रापुरता ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. अपघातात गेलेल्या माणसाचा भरपाईचा अर्जही त्याच्या मरणानंतरच बोलू लागतो.

आता कोष्टकाचे घ्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खालचा अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे जातो. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिला. १५ ते २५ वयाला १८ पासून तो उतरत जातो आणि ६५ च्या पुढे ५ वर येतो. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात भविष्यातील उत्पन्नवाढीचे दर बांधून दिले. वयाच्या टप्प्यांमधला पहिला असा: चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराला ५० टक्के, स्वतंत्र धंदा करणाऱ्याला ४० टक्के. मग वकिलाचे काम उरले कुठे, असा आक्षेप येतो. समजा ३४ वर्षांचा भाजीविक्रेता गेला. मागे बायको, दोन मुले आणि आई. महिना १२,००० रुपये धरले तर ४० टक्के वाढ मिळवून १६,८०० होतात. स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२००, आणि १६ च्या गुणकाने २४,१९,२०० रुपये. हेच उत्पन्न महिना १८,००० आहे हे सिद्ध झाले तर रक्कम ३६,२८,८०० होते. म्हणजे दरमहा सिद्ध झालेल्या एकेका रुपयामागे त्या घराला २०१ रुपये ६० पैसे मिळतात. गुणाकार कोणीही करील, पण तो १२,००० चा करायचा की १८,००० चा हे कोष्टक सांगत नाही. ते बाजार समितीतल्या अडत्याची वही सांगते, गाळ्याच्या किंवा पथारीच्या भाड्याची पावती सांगते, बचत गटाच्या हप्त्यांचे पुस्तक सांगते, रोज त्याच्याकडून माल नेणाऱ्या खाणावळवाल्याची साक्ष सांगते. हे कोणी आणलेच नाही तर न्यायाधिकरणाला अंदाजाने एक काल्पनिक उत्पन्न धरावे लागते, आणि अंदाज करताना सावध माणूस खालीच राहतो. सूत्र आल्यामुळे वकिलाची किंमत घटली हे म्हणणे म्हणूनच मला उलटे वाटते. पूर्वी ढोबळ रक्कम ठरायची तेव्हा पुराव्यातली एक उणीव त्या ढोबळपणात झाकली जाई. आता तीच उणीव दोनशे पटीने बाहेर येते.

माणूस वाचला पण अधू झाला, तर तो स्वतः साक्ष देतो. तिथे गैरहजर कोण, असे कोणी विचारील. तिथे गैरहजर असतो तो त्याच देहातला आधीचा कामकरी. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर एका हाताचे किंवा पायाचे अपंगत्व टक्क्यांत लिहिलेले असते, आणि नवखा वकील तो आकडा घेऊनच थांबतो. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालाने अवयवाचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण कमाईला मुकतो. सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणजे दाखला देणाऱ्या डॉक्टरला नुसते ‘सही आपलीच का’ एवढे विचारून सोडायचे नसते. रंधा दोन हातांनी कसा धरतात, गवंड्याला परांचीवर चढताना गुडघा किती वाकवावा लागतो, हे वकिलाला आधी समजलेले असावे लागते, मग ते सरतपासात आणावे लागते. ज्या वकिलाने आयुष्यात एकदाही सुताराच्या कामाकडे नीट पाहिलेले नाही तो सुताराचा अर्ज नीट चालवू शकणार नाही. या शाखेत चांगले ठरलेले वकील इतक्या धंद्यांबद्दल इतके बारीक बोलू शकतात ते यामुळेच. त्यांच्या शिक्षणाचा तो भाग कोणत्याही विधी महाविद्यालयात शिकवत नाहीत.

यापुढचा आक्षेप मला जड वाटतो. माणसाची किंमत त्याच्या पगारावर काढणाऱ्या व्यवस्थेत आम्ही वकील सामील आहोत, आणि गरिबाचा जीव स्वस्त ठरवायला हातभार लावतो, असे म्हटले तर ते सहज उडवून लावता येत नाही. सूत्राचा पाया उत्पन्न आहे, त्यामुळे अभियंत्याचे घर आणि हमालाचे घर एकाच दिवशी एकाच रस्त्यावर उद्ध्वस्त झाले तरी निकालाचे आकडे सारखे येत नाहीत. पण हा अन्याय कमी झाला आहे तो पुराव्याच्याच वाटेने, हेही पाहायला हवे. घर सांभाळणाऱ्या बाईचे ‘उत्पन्न नाही’ असे अर्जातच लिहिले जाई. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीतून निघालेल्या लता वाधवा प्रकरणात, २००१ साली, गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले. जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स निकालात न्यायालयापुढे राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचे आकडे होते: घरातल्या बिनमोबदल्याच्या कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. या आधारावर गृहिणीच्या काल्पनिक उत्पन्नातही भविष्यवाढ धरण्याचा मार्ग पक्का झाला. आजही कित्येक अर्जांत पतीच्या तोंडी ‘ती घरीच असायची’ एवढे एकच वाक्य येते आणि उलटतपास न होताच साक्ष संपते. ती पहाटे पाणी भरायची, दोन जनावरांची धार काढायची, सासूच्या इन्सुलिनची वेळ पाळायची, शिवणयंत्रावर गावातले ब्लाउज शिवायची, हे शपथपत्रात नसेल तर न्यायाधीशाने ते कुठून आणायचे? व्यवस्था उत्पन्नावर उभी आहे याबद्दल मला खेद आहे. पण त्या बाईचे कष्ट कागदावर न आणणाऱ्या वकिलाला त्या खेदाआड लपता येणार नाही.

पैशाचा प्रश्न टाळून या व्यवसायाबद्दल प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे, मिळालेल्या रकमेत हिस्सा ठेवणे, याला भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. अमेरिकेत इजेच्या दाव्यांतली वकिली मुख्यतः याच पद्धतीवर उभी आहे. आपल्याकडे तो व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय आहे. तरीही टक्केवारी चालते हे बार रूममधल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि रुग्णालयाच्या दारात वकीलपत्रावर अंगठे घेणारे दलालही ठाऊक असतात. उत्तर प्रदेशात तर खोट्या अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. यावरून सगळी शाखाच डागाळलेली आहे असा निष्कर्ष काढणारे काढतात. मला यात कार्यकारण वेगळे दिसते. टक्केवारीवर काम करणाऱ्याला प्रत्येक अर्जातून थोडे मिळाले तरी चालते, म्हणून तो अर्ज जास्त घेतो आणि एकेकावर कमी राबतो. अडत्याच्या वहीसाठी दोन फेऱ्या मारणे त्याच्या हिशेबात बसत नाही. खोटा दावाही जिथे कागद कोणी तपासत नाही तिथेच पोसला जातो. खबर, स्थळपंचनामा, रुग्णालयाची नोंद आणि वाहनाची पाहणी यांची वेळ जुळते का, हे अर्जदाराचा वकील आणि विमा कंपनीचा वकील दोघांनी पाहिले तर तो पहिल्या उलटतपासातच कोसळतो. मात्र ‘टक्केवारी बंद’ एवढे म्हणून भागत नाही. नुकत्याच विधवा झालेल्या बाईकडे फीसाठी पैसे नसतात, हे वास्तव नियमाने बदलत नाही. त्याचे उत्तर कायद्यात आधीच आहे: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्री आणि मूल यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे मृत्यूच्या अर्जांतले बहुसंख्य अर्जदार या हक्काचे धनी आहेत. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरच्या वकिलाला साक्षीदार गाठायचा खर्च आणि डॉक्टरला आणायचा खर्च वेगळा मिळू लागला, तर टक्केवारीचा आधारच सुटेल. मिळालेली रक्कम जपण्याची काळजी न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणापासून घेतली आहे. अज्ञान मुलांचा आणि निरक्षर वारसांचा वाटा मुदत ठेवीत ठेवण्याचे आदेश तेव्हापासून होऊ लागले. त्या ठेवीत पडणारा आकडा मात्र पुराव्याच्या टप्प्यावरच ठरून गेलेला असतो.

मिळकतीच्या कामाकडे वळले की हाच धागा वेगळ्या कपड्यात भेटतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ ला दोन साक्षीदार हवेत. दोघांनीही करणाऱ्याला सही करताना पाहिलेले किंवा त्याच्याकडून सहीची कबुली ऐकलेली असावी, आणि दोघांनीही त्याच्या समक्ष सही केलेली असावी. न्यायालयात निदान एकाला बोलवावे लागते. जानकी नारायण भोईर या आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात बोलावलेल्या साक्षीदाराला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आले नाही, दुसरा हयात असूनही बोलावला गेला नव्हता, आणि सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध झाले नाही असे ठरवले. सरतपासात विचारायचा राहिलेला एक प्रश्न मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा पुसून टाकू शकतो, एवढी ही जबाबदारी आहे. मुंबईत वर्षानुवर्षे प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याच्या, अर्जाला एखाद्या वारसाने कॅव्हेट लावले की तो अर्ज दावा बनून साक्षीपुराव्यावर जात आला आहे. तोपर्यंत साक्षीदार असलेले फॅमिली डॉक्टर ऐंशी ओलांडून गेलेले असतात, किंवा मुलाकडे परदेशी असतात. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेने वारसांसाठी निम्मी मिळकत राखीव असते, त्यामुळे एकाच कागदाने एखाद्या मुलीला पुरते बाहेर काढणे तिथे शक्य होत नाही. आपल्याकडे स्वकष्टार्जित मिळकतीपुरते ते शक्य आहे, म्हणूनच आपल्याकडे त्या कागदाची परीक्षा अधिक कठोर हवी.

वाटपाच्या दाव्यात तर गैरहजर बापाच्या तोंडी वाक्ये घातली जातात. ‘वडिलांनी हयातीतच तोंडी वाटप केले होते’ हे सामनेवाल्याच्या कैफियतीतले सर्वांत नेहमीचे वाक्य असेल. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद केले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती भिंत पाडली. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने हा हक्क जन्मानेच आहे आणि दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, हे ठरवले. तोंडी वाटपाची सबब सहजासहजी मानायची नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद, असेही त्यात आहे. इथे आक्षेप येतो तो माणुसकीच्या नावाने: वकील मधे पडला नसता तर बहीण-भाऊ एकमेकांच्या दारी आले-गेले असते. समेटाला माझा विरोध नाही. चांगल्या वकिलाच्या हातून दाव्यापेक्षा समझोते जास्त होतात. पण दिवसकार्य आटोपताच बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि त्यांना फेरफार म्हणजे काय, सातबाऱ्यावर किती गट आहेत, याची माहिती कोणी दिलेली नसते, तेव्हा तिथे समेट झालेला नसतो. जुने फेरफार, खातेउतारे, पीकपाहणी टेबलावर मांडून, फेरफार ही महसुली नोंद आहे आणि तिने मालकी ठरत नाही हे समजावून, मग बहीण म्हणाली की ‘भावालाच राहू दे’, तर ते तिचे देणे आहे. त्या टेबलापर्यंत कागद आणण्याचे काम वकिलाचे.

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे आयुष्य मला या शाखेच्या संदर्भात नेहमी आठवते. ऑक्सफर्डला १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली तरी स्त्री म्हणून पदवी नाही, सनद नाही. ते दार १९२० नंतरच उघडले. मधल्या काळात, १९०४ पासून, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांनी पडद्यातल्या विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या मिळकतींचे काम केले. त्या बायका जिवंत असून न्यायालयाच्या लेखी गैरहजर होत्या: नातलगाने आणलेल्या कागदावर पडद्याआडून अंगठा, आणि तोच त्यांचा शब्द. सोराबजी त्यांच्या जनानखान्यात जाऊन बसल्या, त्यांना काय हवे आहे ते त्यांच्याकडूनच ऐकले आणि मग लिहिले. न्यायालयात उभे राहण्याची परवानगी नसलेल्या बाईने या व्यवसायाचा गाभा सनद असलेल्यांपेक्षा नीट ओळखला होता असे मला वाटते, कारण युक्तिवादाची सोय नसल्यामुळे त्यांना साक्षीपासूनच सुरुवात करावी लागली.

या शाखेत येणाऱ्या ज्युनिअरला म्हणूनच युक्तिवादाच्या आधी वेळेचे भान शिकवायला हवे. १९९४ मध्ये काढून टाकलेली मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे आणि अपघाताचा अर्ज सहा महिन्यांत करायचा आहे. पण पुरावा सहा महिने थांबत नाही. भाजीविक्रेत्याचे आजचे हिशेब वहीत कमी आणि फोनवर जास्त असतात. गाडीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर रोज पडणारे वीस-तीस रुपयांचे जमा हे त्याच्या धंद्याचे सर्वांत खरे साक्षीदार आहेत. त्या नोंदी न्यायालयात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. घरचे मात्र दुखवट्याच्या गडबडीत सिमकार्ड बंद करतात, फुटलेला फोन पोलीस ठाण्यातून परत आणायला कोणी जात नाही, स्क्रीनचा पासवर्ड त्याच्याबरोबरच गेलेला असतो. बँकेला उताऱ्यासाठी आणि पोलीस ठाण्याला फोनच्या ताब्यासाठी द्यायचे अर्ज वकीलपत्रावर सही होते त्याच बैठकीत लिहून व्हायला हवेत, आणि ते घेऊन बँकेत त्या घरातल्या माणसाबरोबर ज्युनिअरने स्वतः जायला हवे.